विमान धरणात, मी दवाखान्यात

पाठीचा मणका मोडून जे कुणी आत्ता उताणे पडले असतील आणि छताकडे बघून बघून कंटाळले असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पडल्या पडल्या कागद डोळ्यांसमोर धरला की हात भरून येतात, हे मला माहीत आहे. तेव्हा घरच्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावा. त्यांचंही भलं होईल. आजारी माणसापाशी बसून काय बोलावं हे बऱ्याच जणांना सुचत नाही आणि मग ते आपल्याला दुसऱ्या आजारी माणसांच्या गोष्टी सांगतात.

माझं नाव मीनल. यवतमाळच्या एका लहानशा फ्लाइंग स्कूलमध्ये मी विमान चालवायला शिकवते. माहेर कळंब तालुक्यातलं, आईबाबांची कापसाची आणि तुरीची शेती. नवरा प्रशांत, त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. मुलगी ओवी चौथीत. एवढी ओळख पुरे. आता मणका कसा मोडला ते सांगते, कारण ते ऐकल्याशिवाय कुणी पुढचं ऐकूनच घेत नाही.

पंखा थांबला

त्या सकाळी माझ्यासोबत राठोड होता. नेरजवळच्या तांड्यावरचा, बँकेतली नोकरी सोडून तिशीत विमान शिकायला आलेला. आमचं विमान दोन माणसांचंच, आतून ओवीच्या शाळेच्या ऑटोएवढं. शिकणारा डावीकडे, शिकवणारा उजवीकडे. बेंबळा धरणाच्या बाजूला आमचा वळणं घ्यायचा सराव चालला होता आणि राठोड सुरेख वळत होता.

इंजिन आधी खोकलं. मग सगळं विमान एकदा जोरात हादरलं आणि समोरचा पंखा थांबला. फिरताना तो दिसत नाही. आता दिसायला लागला, आडवा, फळीसारखा.

इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. ते तरंगत तरंगत उतरतं, हातात थोडा वेळ असतो. आवाज मात्र एकदम जातो. नुसता वारा ऐकू येतो.

"मॅडम, आवाज काहून गेला?" राठोडनं विचारलं.

"इंजिन गेलं. हात सोड. आता मी चालवते."

परत सुरू करायचे जे जे प्रकार असतात ते सगळे करून पाहिले. पंखा हलला नाही. रेडिओवर सांगितलं की उतरतोय. अशा वेळी मोकळं शेत बघून उतरायचं असतं. मी स्वतः कितीतरी जणांना हे शिकवलं आहे. पण ते कापूसवेचणीचे दिवस होते. खाली शेतं पांढरी झाली होती आणि प्रत्येक पांढऱ्या शेतात बाया होत्या. मी एक शेत धरलं, त्यात बायांची ओळ. दुसरं धरलं, त्यात बैलगाडी आणि पुन्हा बायांची ओळ. रस्त्याच्या कडेनं विजेच्या तारा. माझी आई आयुष्यभर अशीच ओळीत वाकून वेचत आली आहे. वरून त्या बाया लहान दिसतात, पण मला त्यांचे वाकलेले खांदे दिसत होते. रिकामं असं एकच होतं, धरणाचं पाणी.

"राठोड, पोहता येतं?"

"नाई मॅडम."

"बरं."

याहून शहाणं उत्तर मला सुचलं नाही. मी त्याला दार उघडून त्यात बूट अडकवायला सांगितलं, म्हणजे धक्क्यानं दार जाम झालं नसतं. त्यानं बिनबोभाट बूट काढला. मी माझ्या बाजूचं दार तसंच केलं. पट्टे आवळले. काठापासून फार लांब जायचं नाही, काठाच्या बाजूनं समांतर उतरायचं, जितकं हळू जमेल तितकं हळू, एवढंच डोक्यात होतं.

पाणी वरून मऊ दिसतं. नसतं. चाकं पाण्याला लागली, नाक खाली घुसलं आणि शेपटी वर गेली. राठोड "याडी!" असं ओरडला. बंजारा माणूस आईला तशीच हाक मारतो. मी काय ओरडले ते आठवत नाही. कमरेत कुणीतरी कुऱ्हाड घातली एवढं आठवतं.

थर्मोकोल

मनगट मोडलेलं असूनही राठोडनं माझा पट्टा सोडवला आणि मला ओढून बाहेर काढलं. आम्ही दोघं पंखाला धरून लोंबकळत होतो. पाणी थंडगार. मला माझे पाय पाण्यात दिसत होते, पण ते माझे वाटत नव्हते. दुसऱ्या कुणाचे तरी पाय माझ्यासोबत पोहायला आलेत, असं काहीतरी.

तेवढ्यात दोन माणसं थर्मोकोलच्या जाड फळ्यांवर बसून, हातानं पाणी मारत आमच्याकडे आली. धरणात जाळी टाकणारं जोडपं, शंकरभाऊ आणि शांताबाई. शांताबाईंनी आधी विमान पाहिलं, मग मला पाहिलं.

"काहून वं बाई, एवढं मोठं आभाळ सोडून पाण्यात कायले आली?"

मला हसू आलं. हसताना जी कळ आली तिनं डोळ्यांपुढे अंधारी आली, पण मी हसले हे खरं. आणि हसता येतं म्हणजे जिवंत आहे, हेही तेव्हाच कळलं.

"भाऊ, मले उचलू नका," मी म्हणाले. "कंबर वाकू द्यायची नाई. हे थर्मोकोलच माह्या खालून सरकवा."

पाण्यात उतरून शंकरभाऊंनी फळी माझ्या पाठीखाली सरकवली आणि शांताबाईंनी जाळ्याच्या दोरीनं मला फळीला बांधून टाकलं, खांद्यापासून घोट्यापर्यंत. राठोडला दुसऱ्या फळीवर घेतलं. तो मागे वळून विमानाकडे बघत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "गेलं मॅडम." मी पाहिलं नाही. मला फक्त आभाळ दिसत होतं.

काठावर रुग्णवाहिका आली, त्यांनी मला फळीसकट उचललं. दवाखान्यात मी पोहोचले ती थर्मोकोलवर, दोरीत बांधलेली, मासळीच्या वासासह. पुढे डॉक्टर म्हणाले की पाण्यातून काढताना कुणी मला खांद्याला आणि पायाला धरून उचललं असतं तर गोष्ट फार वेगळी झाली असती. ते वाक्य मला अजूनही मधूनच आठवतं.

"नाही हलला"

निदानाचा दिवस सगळ्यांना आठवतो. तुम्हालाही तुमचा आठवत असेल, डॉक्टरांच्या शर्टाच्या रंगासकट. माझ्या डॉक्टरांचा शर्ट फिकट पिवळा होता आणि खिशाला शाईचा डाग होता.

त्यांनी फोटो दिव्यासमोर धरला. "मणका फुटलाय. दोन-तीन तुकडे आतल्या मज्जारज्जूकडे सरकलेत. आता मी सांगतो तसं करा. उजव्या पायाचा अंगठा हलवा."

हलवला.

"छान. डाव्या पायाचा हलवा."

"हलवला."

ते काही क्षण पायाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, "नाही हलला."

इंजिन बंद पडलं तेव्हा मला इतकी भीती वाटली नव्हती. तिथे काहीतरी करता येत होतं. इथे मी हलवला होता, मला आतून तो हललेला कळला होता आणि तो हलला नव्हता. माझ्या शरीरानं माझ्याशी खोटं बोलल्यासारखं वाटलं.

प्रशांत कोपऱ्यात उभा होता. वर्कशॉपमधून आधी धरणावर आणि तिथून तसाच इथे आलेला, हाताला ग्रीस. तो पुढे आला, माझा डावा अंगठा त्यानं धरला आणि स्वतःच्या हातानं हलवून म्हणाला, "हे पाह्य, हलते तं खरं."

डॉक्टर हसले. मीही. मग मी रडले. हे तिन्ही एका मिनिटात झालं.

ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी केलं. स्क्रू आणि सळया घालून मणका बांधला. पाय चालेल का, असं मी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी खोटी आशा लावली नाही आणि भीतीही घातली नाही. म्हणाले, "नस दबली होती, तुटलेली नाही. ती तिच्या वेळेनं जागी होईल. किती होईल ते मी आज सांगू शकत नाही." असा डॉक्टर मिळाला तर त्याला धरून ठेवा.

ओंडका

वॉर्डातला दिवस फरशी पुसण्याच्या वासानं सुरू व्हायचा. मग तापमान, मग गोळ्या, मग मला वळवायला तिघी जणी यायच्या. मणक्याचं माणूस वळवताना पिळायचं नसतं, लाकडाचा ओंडका लोटावा तसं एकदम वळवायचं. मोठ्या सिस्टर "एक, दोन, तीन" म्हणायच्या आणि मी अख्खी डाव्या कुशीवर. दुपारी परत उजव्या.

माझ्या शेजारच्या खाटेवर पांढरकवड्याच्या गिरजाबाई होत्या. हायवेवर त्यांची चहाची टपरी. आयुष्यभर ट्रकांच्या आवाजावरून ओरडून ऑर्डरी घेतलेल्या, त्यामुळे साधं बोलणंही वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. टपरीची पायरी चुकून त्यांचा खुबा मोडला होता.

"तू किती वरून पडली?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"बरंच वरून, मावशी. पण हळूहळू आली."

"अन् मी एका पायरीवरून पडली, तरी दोघी इथंच. पाह्य बरं, देवाघरी काही हिशेब हाय का!"

पहिला आठवडा मला खाणं जात नव्हतं आणि गेलेलं बाहेर येत नव्हतं. याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते: पडून राहिलं की पोट संपावर जातं. लाजू नका, सिस्टरला सांगा. मी लाजले आणि उगाच तीन दिवस जास्त हाल काढले. शेवटी गिरजाबाईंनीच वॉर्डाच्या या टोकाहून त्या टोकाला ओरडून सांगितलं की पायलटबाईचं पोट साफ नाही. त्यानंतर लाजायला काही शिल्लक राहिलं नाही आणि औषध लगेच मिळालं.

सल्लागार

भेटायला येणारा प्रत्येक माणूस विमानाचा जाणकार झाला होता. एक लांबचे काका म्हणाले, नागपूर रोडवर उतरवायचं होतं, एवढा चांगला चारपदरी रस्ता केलाय कायले? शेजारचे गुरुजी म्हणाले, पॅराशूट ठेवायला पाहिजे होतं. एका मावशीनं तर मला विचारलं की इंजिन बंद पडलं तेव्हा तू पटकन खाली उतरून का नाही पाहिलंस.

ओवीचा प्रश्न सगळ्यांत चांगला होता. तिनं माझ्या पाठीच्या पट्टीकडे बघून विचारलं, "आई, आतमध्ये खरंच स्क्रू आहेत? मग ढिले झाले तर बाबा टाइट करतील?"

"नाई वं," प्रशांत म्हणाला, "ह्या साइजचा पाना माह्याकडे नाई."

आई कळंबच्या चिंतामणीला जाऊन आली, प्रसाद उशीखाली ठेवला. बाबा स्टुलावर बसून संत्रं सोलायचे, एकेक फोड साल काढून माझ्या तोंडात द्यायचे, मी लहान असताना तापात द्यायचे तसे. मी त्यांना विचारलं, "बाबा, वेचणी सोडून इथं बसले, मजूर काय म्हणत असतील?" तर म्हणाले, "कापूस कोठी पळून जात नाई."

एक दिवस शांताबाई आल्या. सोबत धरणाकाठच्या गावच्या चार बाया, त्या दिवशी शेतात वेचत असलेल्या. एका ऑटोत बसून आल्या होत्या. त्यातली एक माझ्या खाटेच्या कठड्याला धरून म्हणाली, "आमच्या डोक्यावरूनच गेलं वं बाई तुमचं विमान. आवाजच नाई. घारीसारखं. आम्ही म्हटलं खाली येऊन राह्यलं का काय, तं ते आमच्याकडून वळलं अन् पाण्याकडे गेलं."

"हो," मी म्हणाले. "तुम्ही होत्या ना तिथं."

तिनं माझ्या कपाळावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. कडाकडा आवाज झाला. दवाखान्यातलं एवढं चांगलं औषध मला दुसरं मिळालं नाही.

शांताबाईंनी डब्यात माशाचं कालवण आणलं होतं. ते मला चालत नव्हतं. गिरजाबाईंना चालत होतं.

नळी

आता जे सांगते ते जेवताना वाचू नका.

मणक्याच्या दुखापतीत लघवीचं नियंत्रणही जातं. आपल्याला वाटतं, चालता येईल का हीच मोठी भीती. नाही. मला रात्रंदिवस छळणारी भीती ही होती की जन्मभर नळी आणि पिशवी घेऊन राहावं लागेल का. ओवीच्या शाळेत जाईन तेव्हा पिशवी कुठे लपवू, इथपर्यंत मी विचार करून ठेवला होता.

नळी काढली त्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "भरपूर पाणी प्या, आणि वाटलं की सांगा." मी पाणी प्यायले. काही वाटेना. अजून प्यायले. गिरजाबाईंनी आपला नारळपाण्याचा वाटा मला दिला. पोट टम्म फुगलं, तरी काही नाही. संध्याकाळपर्यंत झालं नाही तर परत नळी घालावी लागेल, असं ठरलं.

आयाबाईंनी जवळचा नळ सोडून ठेवला. "पाण्याचा आवाज ऐका ताई. होते कधीकधी."

सगळा वॉर्ड गप्प बसला. नातेवाइकांना बाहेर काढलं. पडदा ओढला. नळाची धार वाजत होती आणि मी डोळे मिटून पडले होते. वाटलं, धरणाचं एवढं पाणी पाहून आले, आता एवढ्याशा धारेनं काय व्हायचं. आणि मग झालं. माझं मलाच आधी कळलं नाही, आवाजानं कळलं.

"झाली!" मी ओरडले.

"झाली का वं?" पडद्यापलीकडून गिरजाबाई.

"झाली मावशी!"

वॉर्डात टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या. बाहेर प्रशांतला वाटलं मी उभी राहिले. धावत आत आला, तर आयाबाई त्याला म्हणाल्या, "पेढे आणा भाऊ, बाई मोकळी झाली." त्यानं संध्याकाळी खरोखरच पेढे आणले आणि ते कशाचे आहेत हे सांगण्याची वेळ आली तेव्हा लाजून पळून गेला.

माहीत नाही

पण सगळे दिवस पेढ्याचे नव्हते.

पाठीला पट्टा बांधून मला पहिल्यांदा बसवलं त्या दिवशी मला घेरी आली. जग फिरलं, ओकारी आली, परत झोपवलं. प्रशांत डबा घेऊन आला होता. डबा तसाच ठेवून तो खाटेपाशी बसला आणि त्यानं इतके दिवस न विचारलेला प्रश्न विचारला.

"मीनल, एक सांग मले. बरी झाल्यावर तू परत बसशील त्याच्यात?"

"मले नाई माहीत."

"नाई माहीत म्हणजे हाव, बसशील."

"नाई माहीत म्हणजे नाई माहीत, प्रशांत."

तो उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुले काय हाय, तू वर होती. तुले सगळं दिसून राह्यलं होतं. मी खाली होतो. मले फोनवर एवढंच सांगतलं का विमान पाण्यात गेलं. पुढचं कोणालेच माहीत नाई. वर्कशॉपपासून धरणापर्यंत मी गाडी कशी चालवली, कोणत्या रस्त्यानं गेलो, मले आजही आठवत नाई."

इतके दिवस मी माझ्याच भीतीच्या भोवती फिरत होते. त्याची भीती माझ्या खाटेपाशी रोज डबा घेऊन येत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तो गेला. पुढचे काही दिवस आला, गेला, पण बोलणं फक्त भाजीचं आणि ओवीच्या अभ्यासाचं. गिरजाबाईंनाही ते कळलं. त्या पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. "भांडून घेत जा वं. हे गुपचूप डबे लय जड असतात."

आजारी माणसाला मी एकच सांगीन. तुमच्या उशाशी बसलेलं माणूस आजारी नसतं, म्हणजे ते बरं असतं असं नाही.

क्लच

सुट्टी होऊन मी वॉकर धरून घरी आले. उजवा पाय भक्कम होता. डावा मांडीपासून जागा होत होता, पण घोटा आणि बोटं अजून सुस्त. फिजिओथेरपीच्या मॅडम रोज यायच्या. त्यांचा आग्रह होता की पाऊल खाली दाबायचा सराव दिवसातून खूपदा व्हायला हवा, आणि दाबायला काहीतरी कडक हवं.

मला त्यात आणखी एक हिशोब दिसत होता. विमानात पायाखाली दोन पेडल असतात. धावपट्टीवर सरळ राहणं, वळणं नेटकं घेणं, सगळं त्यांच्यावर. ब्रेकही बोटांनीच दाबायचे. डावा पाय झोपलेला राहिला तर प्रशांतच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यावंच लागणार नव्हतं. हे मी कुणाला बोलले नाही.

एका दुपारी प्रशांत वर्कशॉपमधून लोखंडाचं एक धूड घेऊन आला आणि माझ्या खुर्चीसमोर धाडकन ठेवलं. लोखंडी चौकट, खाली रबराचे पाय, मध्ये जुन्या ट्रॅक्टरचं क्लच पेडल, मागे स्प्रिंग. पेडलवर त्यानं जुन्या टायरचा तुकडा चिकटवला होता, पाय घसरू नये म्हणून.

"काय हे?"

"मॅडम म्हणत होत्या ना, कडक काहीतरी पाहिजे. स्प्रिंग आत्ता हलकी लावली. जमली का भारी लावून देतो."

मी पाऊल ठेवलं. दाबलं. काही हललं नाही.

"दाब."

"दाबून राह्यली."

"अजून."

पेडल बोटभर खाली गेलं. प्रशांत जमिनीवर बसून स्प्रिंगकडे बघत होता, गिऱ्हाइकाच्या ट्रॅक्टरकडे बघतो तसा. मग त्यानं वर न बघताच विचारलं, "तुमच्या विमानातलं पेडल याच्यापेक्षा कडक असते का हलकं?"

मी पाऊल पेडलवर तसंच ठेवलं. "हलकं," मी म्हणाले.

"मंग याच्यावर जमलं तं त्याच्यावर जमते," तो म्हणाला आणि पाना घेऊन उठला.

आमचं भांडण मिटलं असं म्हणता येणार नाही. पण त्या दिवशी जेवताना आम्ही भाजीखेरीज बोललो, आणि बराच वेळ बोललो. त्यानं मला सांगितलं की त्याला भीती वाटते आणि वाटतच राहील. मी त्याला सांगितलं की मलाही वाटते. एकमेकांना हे सांगितल्यावर जेवण चांगलं गेलं.

स्प्रिंगा पुढे त्यानं तीनदा बदलल्या. ओवी शाळेतून आली की माझ्यासमोर बसायची आणि पेडल किती खाली गेलं ते ओरडून सांगायची.

चप्पल

हे वाचून सगळं पूर्ववत झालं असं समजू नका. डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेला मला आजही स्पर्श कळत नाही. चप्पल पायातून निघून गेली तरी मी तशीच चालत राहते. बाजारात दोनदा एक चप्पल हरवली. दाभा रोडवरच्या भाजीवाल्या मावशी आता मला पाहिलं की आधी माझ्या पायाकडे बघतात. "दोन्ही हायेत, जा." थंडीत पाठीतलं लोखंड दुखतं. जड उचलता येत नाही, त्यामुळे घरातलं गव्हाचं पोतं, सिलिंडर आणि पाहुण्यांच्या बॅगा प्रशांतकडे. यातलं शेवटचं त्याला फारसं आवडत नाही.

राठोडचं मनगट माझ्या आधी बरं झालं. दुसऱ्या इन्स्ट्रक्टरकडे त्याचं शिक्षण सुरू झालं आणि त्यानं एकट्यानं पहिलं उड्डाण केलं, त्या दिवशी मी वॉकर घेऊन धावपट्टीच्या कडेला उभी होते. उतरल्यावर तो माझ्याकडे धावत आला आणि पाया पडायला वाकला. मी म्हटलं, "वाक बाबा, तुला वाकता येतं तर वाक. मला तुला उठवता येणार नाही." त्याची आई लाल घागऱ्यात, काचा लावलेल्या ओढणीत माझ्याशेजारी उभी होती. तिनं मला बंजाऱ्यांच्या गोर बोलीत बरंच काही सांगितलं. राठोडनं अर्धंच भाषांतर केलं आणि उरलेलं ऐकून लाल झाला. दरम्यान तो पोहायलाही शिकला होता.

चौकशी झाली. इंजिनाच्या आतला एक भाग झिजून तुटला होता, बाहेरून दिसणारा नव्हता. मला बरं वाटलं, पण जितकं वाटेल असं वाटलं होतं तितकं नाही. चूक कुणाची, या प्रश्नाच्या मी तोपर्यंत पुढे आले होते.

सर्किट

शेवटी मी परत उडायच्या परवानगीसाठी अर्ज केला आणि तपासण्या झाल्या. वैद्यकीय मंडळासमोर मला चालवलं, वाकवलं, पायांनी दाबायला लावलं. डावा पाय दाबताना तपासणारे डॉक्टर म्हणाले, "चांगलाच जोर आहे." परवानगी मिळाली.

घरी आल्यावर मी कागद टेबलावर ठेवला. प्रशांतनं वाचला आणि म्हणाला, "सकाळी किती वाजता निघायचं? मी सोडून देतो."

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन धावपट्टीवर आला. कुंपणाबाहेर कडुलिंबाखाली गाडी लावली. मी म्हटलं, "जाय ना वर्कशॉपला. मी फोन करते." मान हलवून म्हणाला, "बसतो इथंच."

माझ्यासोबत आमचे मुख्य इन्स्ट्रक्टर होते. मी विमानाभोवती फिरून सगळं तपासलं, एरवीपेक्षा जरा जास्तच वेळ लावून. बसताना पाठ कुरकुरली. इंजिन सुरू केलं. सर म्हणाले, "घाई नाही."

मग निघालो. चाकं जमिनीवरून उचलली गेली. धावपट्टीच्या भोवती गोल फेऱ्या मारायच्या, उतरायचं, पुन्हा उडायचं, याला आम्ही सर्किट म्हणतो. मी पहिल्यांदा उतरवलं ते धप्पकन. दुसऱ्यांदा बरं. तिसऱ्यांदा सर काही बोलले नाहीत, ती त्यांची शाबासकी. डावा पाय आपलं काम करत होता. वरून मला दर फेरीला कडुलिंब दिसायचा आणि त्याखाली आमची पांढरी गाडी. प्रशांत बाहेर उभा राहून वर बघत असेल, हात कपाळावर धरून, असं मला वाटत होतं. एवढा वेळ त्याला काय काय वाटत असेल या विचारानं मीच एक फेरी कमी केली.

उतरून, कुंपणाच्या फाटकातून मी जमेल तितक्या भराभर गाडीकडे गेले.

प्रशांत गाडीत होता. सीट मागे केलेली, पाय दारातून बाहेर, तोंड उघडं, घोरत होता. मी काच वाजवली. तो दचकून उठला.

"झाल्या फेऱ्या?"

"झाल्या. तू झोपला होता?"

"हाव ना." त्यानं डोळे चोळले. "आधी बाहेर उभा होतो. मंग पाहिलं का तुह्या इंजिनाचा आवाज सारखा चालू हाय. कुठी तुटत नाई, खोकत नाई. चांगला आवाज हाय. मंग कायले जागायचं?"

मी शेजारी बसले. त्यानं गाडी सुरू केली.